'कबूल आहे, साहेब' : वाहतूक न्यायालयाचं नवं यंत्र



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, ई-चलान आणि आभासी न्यायालय यावर बोलतो. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते संकोचून म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. आम्हांला वाटलं, लेण्यांवर बोलाल." लेण्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते आमच्यापेक्षा बरं बोलतात. पण फर्दापूर हे जसं लेण्यांचं दार आहे तसंच ते महामार्गावरचं गाव आहे. इथल्या फाट्यावर जगभरातले लोक आपली गाडी ठेवतात, एसटीच्या बसमध्ये बसतात आणि चार किलोमीटर आत जातात. मुघलांच्या काळात इथे सराई होती, आज वाहनतळ आहे. रस्त्यावर जगणारं हे गाव आहे. रस्त्याचा कायदा इथे कसा पोचतो, हा प्रश्न इथे विचारायचा नाही तर कुठे? लेण्यांकडेही येऊ, पण वाटेत.

विषय निवडण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. मागच्या वर्षी आम्ही एक गुन्हा कबूल केला. न केलेला.

झालं असं. आमच्याकडे एक जुनी स्कूटर होती. निवृत्तीनंतर काही वर्षांनी गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा ती आम्ही एका ओळखीच्या मुलाला विकली. पैसे घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, पेढा खाल्ला. ती त्याच्या नावावर झाली का, हे पाहिलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० म्हणतं, की विकणाऱ्यानेसुद्धा चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायला हवं. आम्ही कळवलं नाही. ही आमची चूक, आणि ती इथेच मान्य करून टाकतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

एका दुपारी फोनवर संदेश आला. इंग्रजीत. गाडीचा नंबर आमच्या स्कूटरचा, हेल्मेट नाही, आणि शहर असं की जिथे आम्ही दहा वर्षांत पाऊल ठेवलेलं नाही. दुवा उघडला तर फोटोही होता. पाठमोरा तरुण, पाठीवर सॅक, डोक्यावर भरगच्च काळे केस. आमचं डोकं तुम्ही पाहताच आहात. (हशा) खाली दोन पर्याय होते. एक, प्रस्तावित दंड भरायचा आहे. दुसरा, खटला लढवायचा आहे. आम्ही हिशोब केला. लढवायचा तर त्या शहरात जायचं, एक दिवस, कदाचित तीन दिवस, एक वकील, शिवाय गुडघे. दंड पाचशे रुपये. अंगठा पहिल्या पर्यायावर पडला. पावती आली, सुटलो असं वाटलं.

आमचे एक जुने विद्यार्थी वकिली करतात. त्यांना गंमत म्हणून ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "सर, म्हणजे तुम्ही गुन्हा कबूल केलात." आम्ही म्हणालो, "छे, आम्ही पैसे भरले." ते म्हणाले, "तेच."

मंडळी, पस्तीस वर्षं आम्ही वर्गात सत्य, संमती आणि इच्छास्वातंत्र्य शिकवलं. खोटी कबुली हा नैतिक अधःपात आहे का, यावर मुलांकडून निबंध लिहून घेतले. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पाच सेकंदांत, चहाचा कप हातात धरून, न्यायालयापुढे असत्य विधान करून मोकळे झालो. हे आमच्या चारित्र्यामुळे झालं की त्या पडद्याच्या रचनेमुळे, याचा शोध घेणं म्हणजे आजचं भाषण. चारित्र्याचा भाग आम्ही नाकारत नाही. पण पडद्याकडे नीट पाहू या.

आधी जुनं कोर्ट आठवू, म्हणजे नव्याची किंमत कळेल. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या जीपवाल्यांना ते माहीत आहे. पोलिसाने धरलं, कागद जमा करून घेतले, मग तालुक्याच्या कोर्टाची तारीख. सकाळी जाऊन व्हरांड्यात बसायचं. शिपायाने पुकारा केला की आत. न्यायाधीश साहेब मान वर न करता विचारणार, गुन्हा कबूल आहे का? आणि रांगेतला प्रत्येक जण आधीच्याचं ऐकून तेच म्हणणार : कबूल आहे, साहेब. रोजनाम्यात नोंद, नाझराकडे दंड, पावती. कधी दंडासोबत 'कोर्ट उठेपर्यंत कैद', म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याच बाकावर. दिवसाची मजुरी गेली, गाडी उभी राहिली, आणि कोर्टापर्यंत यायचंच नसेल तर रस्त्यावर काय व्हायचं ते आम्ही सांगायला नको. त्या काळाचे गोडवे गाणारे लोक बहुधा कधी त्या व्हरांड्यात बसलेले नसतात.

तेव्हा यंत्र आलं ते बरंच झालं. मुंबईत २०१६ मध्ये ई-चलान आलं, पुढच्या काही वर्षांत ते राज्यभर पसरलं. रस्त्यावरची रोख रक्कम कमी झाली. पोलिसाच्या हातातलं यंत्र वेळ, जागा आणि फोटो नोंदवतं, त्यामुळे 'बघा साहेब काहीतरी' या वाक्याचं महत्त्व घटलं. हा फायदा लहान नाही. आणि मग न्यायालयच पडद्यावर आलं. देशातलं पहिलं आभासी न्यायालय दिल्लीत जुलै २०१९ मध्ये सुरू झालं. आपल्या राज्यात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूरच्या ई-संसाधन केंद्राबरोबर वाहतूक चलानांसाठीचं आभासी न्यायालय सुरू झालं, ते नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला. मुंबई नव्हे, पुणे नव्हे, काटोल. संत्र्यांच्या तालुक्यात राज्याच्या रस्त्यांचं न्यायालय, ही कल्पना आम्हांला आवडली होती. पडद्याला गाव नसतं, मग तो काटोलला का नसावा? फर्दापूरला का नसावा?

त्याची रीत अशी. चलान यंत्रातून थेट तिथे जातं. न्यायाधीश ते पडद्यावर पाहून दखल घेतात, दंडाची रक्कम ठरवतात, समन्स तयार होतं आणि मोबाईलवर येतं. तुम्ही गाडीच्या किंवा मोबाईलच्या नंबरावरून आपलं प्रकरण शोधता. दंड भरला की प्रकरण निकाली. 'लढवायचं आहे' म्हटलं की प्रकरण पडद्यावरून उतरतं आणि ज्या हद्दीत गुन्हा घडला तिथल्या नेहमीच्या न्यायालयात जातं. नेहमीचं, म्हणजे व्हरांडा, शिपाई आणि पुकारा असलेलं.

यात नवं काय, असं विचाराल तर आमचं उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल : तत्त्व म्हणून काहीच नवं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम २०८ आहे. ते म्हणतं, आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावं, नाहीतर ठरलेल्या तारखेच्या आत समन्सवर लिहिलेली रक्कम मनीऑर्डरने न्यायालयाला पाठवावी, आणि गुन्हा कबूल असल्याचं त्या मनीऑर्डरच्या कुपनावरच लिहावं. कुपनावर! म्हणजे 'प्रकृती ठीक, पैसे मिळाल्याचे कळवणे' लिहायची ती जागा. तिथे कायद्याने कबुलीजबाब बसवला. आणि वर आमिष असं, की अशी कबुली देणाऱ्याचं लायसन्स त्या कबुलीपायी जाणार नाही. आजचं बटण हे त्या कुपनाचं नातवंड आहे.

पण आजोबा आणि नातवंड यांत एक फरक आहे आणि आमच्या मते तो फार मोठा आहे. कुपनावर माणसाला हाताने लिहावं लागे : मला गुन्हा मान्य आहे. चार शब्द, पण ते स्वतःच्या अक्षरात. लिहिता येत नसेल तर पोस्टातल्या लिहिणाऱ्याला ते मोठ्याने सांगावं लागे. न केलेल्या गुन्ह्याबद्दल ते चार शब्द लिहिताना हात थोडा तरी अडतो. आम्ही पडद्यावर कुठलंही वाक्य लिहिलं नाही. आम्ही फक्त 'भरायचं आहे' म्हटलं. आणि भरणं ही क्रिया आमच्या हातांना इतकी सवयीची झाली आहे, की वीजबिल, गॅस, भाजीवाला आणि न्यायालय यांच्यात अंगठ्याला फरक करता येत नाही.

इथे जरा थांबू, कारण गाठ इथे आहे. रस्त्यावरच्या दंडापोटी आपण पैसे देतो तेव्हा कायद्याच्या नजरेत आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक करत असतो. पोलिसांच्या ई-चलानावर लगेच पैसे भरले तर ती कलम २०० खालची तडजोड. तिथे खटलाच उभा राहत नाही, तुम्ही दोषी की निर्दोष हा प्रश्न विचारलाच जात नाही. आभासी न्यायालयात भरले तर ती कबुली. आणि लोकअदालतीत भरले तर तो समझोता, १९८७ च्या विधी सेवा कायद्याखालचा, ज्यावर अपील नाही. तडजोड, कबुली, समझोता. या तीन नैतिक क्रिया आहेत आणि तीनही एकमेकींपासून दूर आहेत. तडजोड करणारा म्हणतो, वाद नको. समझोता करणारा म्हणतो, दोघांनी थोडं थोडं सोडू. कबुली देणारा म्हणतो, मी हे केलं. तुमच्या घरात भावकीच्या वादात या तिन्हींत फरक करता येत नसेल तर घर मोडतं. पण फोनवर तिन्हींचा शेवट एकच : हिरवी खूण आणि 'पेमेंट सक्सेसफुल'. पाच वर्षांनी तुम्हांला कुणी विचारलं, की बाबा, तू त्या वेळी नेमकं काय केलंस, तर तुम्ही सांगाल, पैसे भरले.

ही निव्वळ शब्दांची कसरत आहे, असं म्हणणारे इथे असतील. असू देत. आम्ही त्यांना आमचंच उदाहरण देतो. आम्ही चूक केली होती हे सुरुवातीला सांगितलं. स्कूटर विकल्याचं कळवलं नाही. त्या चुकीबद्दल न्यायालयाने दंड मागितला असता तर आम्ही मान खाली घालून दिला असता. पण आमच्याकडून कबुली घेतली गेली ती दुसऱ्याच गोष्टीची : की आम्ही, वय वर्षं चौऱ्याहत्तर, अमुक चौकातून उघड्या डोक्याने स्कूटर पिटाळली. एका चुकीची रक्कम दुसऱ्या चुकीच्या खात्यात जमा झाली. हिशोबात असं झालं तर लेखापरीक्षक शेरा मारतो. न्यायात झालं तर त्याला निकाली म्हणतात.

आता तर्कशास्त्राकडे वळतो, कारण तो आमचा धंदा. आपल्याकडे न्याय या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक कोर्टातला आणि एक गौतमाच्या न्यायदर्शनातला. न्यायदर्शनातला तो प्रसिद्ध पर्वत तुम्ही ऐकला असेल : पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. हे अनुमान बरोबर. पण उलटं करा : पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे. नैयायिक म्हणतो, चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात आणि अशा फसव्या कारणाला 'सोपाधिक हेतू'. आता आपलं चलान बघा. हा चालक आहे, कारण हा मालक आहे. मालक आणि चालक एक असायला गाडी मालकाच्या हातात असावी लागते, ती लपलेली अट. या तालुक्यात किती गाड्या ज्याच्या नावावर आहेत त्याच्याच हातात आहेत? काळीपिवळी एकाच्या नावावर, चालवतो दुसरा. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर, वडील वारले. मोटारसायकल मेहुण्याची. शंभराच्या कागदावर विकलेली आणि पुढे दोनदा विकलेली. ओल्या सरपणाची चौकशी न करता यंत्र अग्नी पाहून धूर मानून मोकळं होतं.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. कलम १३३ सांगतं, की गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर मालकाने सांगितलं पाहिजे. म्हणजे मालक आणि चालक वेगळे असू शकतात हे कायदा गृहीत धरतो आणि आधी प्रश्न विचारतो. पडद्यावर तो प्रश्न आम्हांला भेटला नाही. 'गाडी माझ्या नावावर आहे, चालवणारा मी नव्हे' असं तिसरं बटण नव्हतं. पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते, हे खरं. पण ती ज्या खात्याने चलान दिलं त्याच खात्याकडे. खात्याकडे तक्रार करणं आणि न्यायाधीशासमोर बाजू मांडणं, यांत काही फरक उरला आहे की नाही?

आणि तो फोटो. आता लेण्यांकडे येतो, म्हणालो होतो ना. सतरा क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतभर रंगवली आहे. तुमच्यातले वाटाडे ती रोज दाखवतात. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो : इथे महालात, तिथे निरोप घेताना, पुढे वनात. परदेशी पाहुणे गोंधळतात, विचारतात, हे सगळे कोण? वाटाड्या सांगतो, एकच माणूस आहे, वेळ वेगळी आहे. त्या चित्रकाराला ठाऊक होतं, की माणसाने काय केलं हे सांगायचं तर आधी काय झालं आणि नंतर काय झालं हेही भिंतीवर यायला हवं. चौकातला कॅमेरा एकच क्षण देतो. सिग्नल तोडला, दिसतं. मागून रुग्णवाहिका भोंगा वाजवत होती, चौकटीच्या बाहेर. पोलिसानेच हात करून पुढे बोलावलं, त्याचा हात चौकटीच्या बाहेर. सुनावणी म्हणजे दुसरं काय? चौकटीच्या बाहेरचं भिंतीवर आणायची संधी.

केंद्राच्या नियमांना या धोक्याची जाणीव आहे, हे सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याला दरवर्षी मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, पुढे कॅमेरा आहे हे सांगणारी पाटी हवी, गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांत नोटीस हवी, नोटिशीत फोटो, वेळ, जागा हवी. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरच्या धोक्याच्या, वर्दळीच्या जागा आणि मोठी शहरं यांच्यासाठी तो आहे. शहरांच्या यादीत तेव्हाचं औरंगाबाद होतं. उत्तम नियम. पण नियम मोडला गेला हे सांगायला कुठे जायचं? पाटी नव्हती, नोटीस तीन महिन्यांनी आली, हे सगळं सांगण्याची एकच जागा : ते दुसरं बटण. आणि ते बटण तुम्हांला घराबाहेर काढतं.

किती लांब काढतं ते पाहू. फर्दापूरच्या चालकाला मुंबईत चलान झालं आणि त्याने लढवायचं म्हटलं तर चारशेहून अधिक किलोमीटर. जायला रात्र, यायला रात्र, मध्ये एक तारीख, जी बहुधा पुढची तारीख देऊन संपते. उलट, सुरतेहून लेणी पाहायला आलेल्या कुटुंबाला या हद्दीत चलान झालं तर त्यांना सोयगावच्या कोर्टात यावं लागेल. सोयगाव चांगलं गाव आहे, पण हजार रुपयांसाठी सुरतेहून कोण येणार? माल्कम फीली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये न्यू हेवन शहरातल्या कनिष्ठ न्यायालयावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की छोट्या गुन्ह्यांत खरी शिक्षा दंडाची नसते, ती प्रक्रियेची असते, खेपांची, बुडालेल्या मजुरीची. आपण तंत्रज्ञान आणलं आणि ही प्रक्रियेची शिक्षा कबुली देणाऱ्याला माफ केली. नाकारणाऱ्याला मात्र ती जशीच्या तशी ठेवली. पूर्वी व्हरांड्यात दोघेही बसत. आता एकटा नाकारणाराच बसतो.

कुणी म्हणेल, यंत्र तटस्थ असतं. नसतं. एका दाराला उतरण आणि दुसऱ्याला चढण बांधली तर दारं दोन आहेत म्हणून ती समान होत नाहीत. भाषेचंही तेच. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. न्यायाधीश त्या व्हरांड्याच्या आत मराठीतच विचारत, कबूल आहे का? तोच प्रश्न आमच्या फोनवर इंग्रजीत आला, आणि आम्ही निदान वाचू शकलो.

आता आकडे, थोडेच. केंद्र सरकारने २०२३ च्या अखेरीस दिलेल्या माहितीनुसार देशातल्या आभासी न्यायालयांनी चार कोटींहून अधिक प्रकरणं हाताळली होती आणि ४५ लाखांच्या वर प्रकरणांत ऑनलाईन दंड भरला गेला होता, रक्कम ४७० कोटींहून जास्त. हा आकडा यश म्हणून सांगितला जातो. आम्ही तो दुसऱ्या बाजूने वाचतो. दहा जणांना प्रश्न विचारला तर जेमतेम एकाने पैसे भरून उत्तर दिलं. बाकीच्यांनी कबूल म्हटलं नाही, आणि नाकबूल म्हणणाऱ्यांची गर्दीही तालुका कोर्टांत दिसत नाही. ते गप्प आहेत. संदेश वाचला नसेल, मोबाईल नंबर जुना असेल, विश्वास नसेल, पैसे नसतील, मुजोरीही असेल. यंत्राला या सगळ्या गप्पपणांतला फरक कळत नाही. न्यायाधीशाला, समोर माणूस उभा असता तर, कळला असता.

त्या गप्प बसलेल्यांसाठी मग लोकअदालत. सप्टेंबर २०२१ च्या लोकअदालतीच्या वेळी राज्यातल्या लाखो मोबाईलांवर थकीत चलानांचे संदेश आले ते आठवत असतील. शेजारच्या कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंडावर निम्मी सूट दिली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. तिजोरीच्या दृष्टीने ठीक. पण ज्याने पहिल्या आठवड्यात पूर्ण रक्कम भरली त्याला काय सांगायचं? की तू घाई केलीस? दंडाला सेलची सवय लागली की तो दंड राहत नाही. आणि लोकअदालतीची मूळ कल्पना दोन पक्षांनी समोरासमोर बसून मिटवण्याची होती. भावाभावांच्या बांधाची. तिथे कॅमेरा आणि मालक यांच्यात कुठला समझोता?

एक मुद्दा वकिलांचा आहे, पण सामान्य माणसाने ऐकावा असा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायला हवी, असं जुनी फौजदारी संहिताही म्हणत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिताही म्हणते. कारण उघड आहे : हेल्मेट घातलं होतं का, हे दोन वर्षांनी कुणाला आठवणार? पण फोनवरची थकबाकी सहा महिन्यांनी पुसली जात नाही. ती साचत राहते. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानांवरून संप केला तेव्हा त्यांच्या तक्रारींत ही साचलेली चलानं होती. वाहतूकदारांची बाजू प्रत्येक वेळी खरी असते असं आम्ही म्हणणार नाही. घाटात केळीचे ट्रक कसे उतरतात ते आम्हीही पाहिलं आहे. पण विसरण्याची मुदत ही कायद्याने माणसाला दिलेली गोष्ट आहे. यंत्राला विसरता येत नाही म्हणून ती काढून घेता येत नाही.

मग काय करायचं? यंत्र फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. उलट आमची तक्रार अशी, की यंत्र अर्ध्यावर थांबलं. नव्या संहितेचं कलम ५३० सांगतं, की खटले इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवता येतील. कायद्याचा अडथळा नाही. पैशाचाही नाही : ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने घटनेचे प्रश्न पडद्यावर ऐकले. मग स्कूटरचा का नाही ऐकता येणार? 'लढवायचं आहे' म्हटल्यावर माणसाला व्हरांड्यात पाठवण्याऐवजी त्याच पडद्यावर वेळ द्या. दहा मिनिटं, ठरलेल्या दिवशी, मराठीत. ज्याच्याकडे चांगला फोन नाही त्याने जवळच्या कोर्टाच्या ई-सेवा केंद्रात बसून बोलावं. आणि दंडाच्या बटणावर स्वच्छ लिहा : 'मला गुन्हा मान्य आहे'. त्याच्या शेजारी तिसरं बटण : 'चालवणारा मी नव्हतो'. कदाचित वसुली कमी होईल. होऊ दे. वसुली हे तहसीलचं काम आहे.

आमच्या सौभाग्यवतींना हे सगळं व्याख्यान काल घरी ऐकवलं. त्या म्हणाल्या, "पाचशे रुपयांवर पन्नास मिनिटं बोलणार आहात." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण स्कूटर अजून तुमच्याच नावावर आहे ना?"

आहे. तो मुलगा आता फोन उचलत नाही. आणि गेल्या महिन्यात दुसरा संदेश आला. तेच शहर, तीच स्कूटर, या वेळी मागे एक मुलगीही बसली आहे आणि हेल्मेट दोघांनाही नाही. या वेळी आम्ही चहा बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि दुसरं बटण दाबलं. प्रकरण तिकडच्या न्यायालयाकडे वर्ग झालं आहे. तारीख अजून आलेली नाही. नोंदणी कार्यालयात उशिरा का होईना अर्ज दिला आहे आणि उशिराचा जो काही दंड होईल तो भरणार आहोत, कारण ती चूक आमची आहे. तारीख आली की जाऊ. तिथपर्यंत रात्रीची एसटी आहे का, हे इथल्या कुणाला माहीत असेल तर व्याख्यानानंतर भेटा.